चिचझरीचा नकाशा

"बाबूजी, चिचझरीचा नकाशा पायजे होता."

मी मान वर केली नाही. टेबलावर तेरा सरकारी आदेश पसरले होते आणि त्यातला कुठला कुठल्याच्या आधीचा, हे लावण्यात माझी अख्खी सकाळ गेली होती. आमच्या खाण नियमन कार्यालयाला पंचवीस वर्षं होत होती. त्यानिमित्त एक पुस्तिका निघणार होती, आणि तिच्यातलं 'कार्यालयाचा प्रशासकीय इतिहास' हे बारा पानांचं प्रकरण सबनीससाहेबांनी माझ्या गळ्यात मारलं होतं. कारण मी अभिलेख शाखेचा प्रमुख होतो. शाखा म्हणजे चार लोखंडी मांडण्या, दोन कपाटं आणि मी.

"कुठली चिचझरी?" मी विचारलं.

"जुनी जी. कोळशाची. बंद पडली ते."

आता मी पाहिलं. पन्नाशी ओलांडलेला काटक माणूस, अंगात धुऊन पिवळट झालेला सदरा, कपाळावर खाणीतल्या टोपाच्या पट्ट्याचा कायमचा वळ. हातात अर्ज नव्हता. नाव झिंगरू कोडापे. लोहारडोह खाणीत दुसऱ्या पाळीचा सरदार, म्हणजे खाली उतरणाऱ्या टोळीचा म्होरक्या. टोळीत नऊ माणसं. आधी आपण आत जायचं, छत ठोकून बघायचं, हवा बघायची आणि मग माणसं आत घ्यायची, हे त्याचं काम. त्र्याऐंशी सालचा फेब्रुवारी होता आणि मी तेहतीस वर्षांचा होतो. अर्जाशिवाय आलेल्या माणसाला कसं वाटेला लावायचं ते मला चांगलं जमत असे.

पण त्याने जे सांगितलं ते ऐकून मी पेन खाली ठेवलं. लोहारडोहच्या दक्षिणेकडच्या तोंडाशी, जिथे त्याची टोळी कोळसा तोडत होती, तिथे कोळशाला आठ दिवसांपासून घाम येत होता. खाणीतले लोक पाझराला घाम म्हणतात. पाझर नेहमीचाच असतो, पण या पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास होता. असा वास साचलेल्या, जुन्या पाण्याला येतो. समोर कुठेतरी चिचझरीची जुनी खाण होती, बंद पडून चोवीस वर्षं झालेली आणि गळ्यापर्यंत भरलेली.

"मॅनेजरला सांगितलं?"

"सांगतलं जी. त्याईनं आपला नकाशा काढून दाखवला. चिचझरीची हद्द चारशे फूट दूर हाय म्हणते. जुनी खाण हद्दीच्या आतच सरली म्हणते. दोनशे फुटाच्या आत जुनं काम असन, तवाच पुढं भोकं मारून पाहाचं, असा कायदा हाय म्हणते."

कायदा बरोबर होता. जुन्या कामाच्या जवळ जाताना आधी समोरच्या कोळशात लांब भोकं पाडत जायचं, म्हणजे पाणी असेल तर धारेने कळतं, एकदम लोंढा येत नाही. पण जुनं काम जवळ आहे हे कुठल्या तरी कागदावर असायला हवं.

"मग तुम्हाला काय वाटतं?"

"मले वाटत नाई बाबूजी, मले मालूम हाय." तो पहिल्यांदाच टेबलाला हात टेकून वाकला. "मी तठी होतो. जवान होतो. सर्व्हेच्या साहेबाची मापाची साखळी धरत होतो. मालकानं हद्दीच्या पल्याड कोळशात दोन गॅलऱ्या चोरून खोदल्या. खाण बंद होताना साहेबानं त्या मापल्या. मालक बोंबलत होता, काढू नको म्हणून, तरी त्यानं नकाशावर काढल्या. लाल शाईनं. थो नकाशा सरकारात जमा झाला. म्हून तुमच्याकडं आलो."

मी त्याला तीन दिवसांनी यायला सांगितलं. तो दारापर्यंत गेला आणि परत आला. म्हणाला, "आमी दिवसाला सहा फूट जातो, बाबूजी." तक्रार करावी तसं म्हणाला नाही, मला हिशेब करायला सोपं जावं म्हणून सांगितलं.

आता या माणसाचं नशीब बघा. नकाशा शोधायला तो नेमका अशा कारकुनाकडे आला होता, ज्याच्या टेबलावर त्या नकाशाचा अख्खा प्रवास उलगडून ठेवलेला होता. आमच्या कार्यालयाचा जन्म महसूल खात्यात झाला, भातगिरणीच्या वरच्या दोन खोल्यांत. लहानाचं मोठं ते उद्योग खात्यात झालं. मग सदुसष्ट साली त्याची अर्धी कामं कामगार खात्याकडे गेली, खाणी सरकारजमा झाल्यावर उरलेल्यातली काही सरकारी कंपनीकडे गेली, शहात्तर साली सगळं पुन्हा एकत्र आलं आणि एक्याऐंशीत पुन्हा वेगळं झालं. दर वेळी फायलींच्या वाटण्या व्हायच्या. चालू खाणींच्या फायलींसाठी दोन्ही बाजूंनी भांडणं होत, कारण चालू खाणीबरोबर जीप येई, पदं येत. बंद खाणी कुणालाच नको असत. त्या आमच्याच मांडणीवर पडून राहिल्या.

जुन्या आवक नोंदवहीत मला चिचझरी दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली. 'चिचझरी खाण, अंतिम नकाशा, कापडी, एक नग.' तारीख एकोणसाठ सालची. पुढे शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने लिहिलं होतं, 'निर्लेखित, १९७६.' म्हणजे निरुपयोगी ठरवून काढून टाकला. त्याच्याखाली दोन आद्याक्षरं होती. एक आमचे त्या वेळचे मुख्य आरेखक भागवत यांचं. दुसरं माझं.

खरं सांगायचं तर कोडापेने 'जुनी' म्हटलं तेव्हाच तो नकाशा कुठे गेला ते मला आठवलं होतं. पण माणूस स्वतःला फसवण्यात पटाईत असतो. मी दीड दिवस इमानदारीत नोंदवह्या उलटत होतो, जणू मला काही ठाऊकच नव्हतं.

शहात्तर साली सगळी खाती एकत्र आली तेव्हा एक परिपत्रक निघालं होतं. बंद खाणींचे अभिलेख कोणत्या खात्याचे, ते तीस दिवसांत कळवावं. कोणी न कळवल्यास ते निरुपयोगी समजून काढून टाकावेत. चार खात्यांना पत्रं गेली. प्रत्येकाने दुसरा कळवेल म्हणून वाट पाहिली. एकतिसाव्या दिवशी भागवतांनी आणि मी मांडणी रिकामी केली. कागद रद्दीवाल्याने नेले. नकाशे मात्र त्याने घेतले नाहीत, कारण ते कागदाचे नव्हते. त्या काळी खाणीचा पक्का नकाशा खळ लावलेल्या तलम सुती कापडावर काढत. बघायला तेलकट, निळसर, आरपार दिसणारं. आणि आरेखन शाखेतल्या जुन्या लोकांना एक गोष्ट माहीत होती, जी बाहेर कोणाला सांगून पटली नसती. ते कापड सोडा घालून उकळलं की खळ सुटते, खळीबरोबर शाई जाते, आणि खाली उरतं ते इतकं मऊ असतं की बाजारात तसं मागूनही मिळत नाही.

भागवतांनी सगळ्यांना वाटलं. कोणी रुमाल केले, कोणी चक्का बांधायला नेलं. "उरकुडे, तुमच्या घरी तर हलणार आहे म्हणे पाळणा," असं म्हणून त्यांनी मला निवडून दिलं. मोठा नकाशा, शाई कमी, दक्षिणेकडची बाजू बरीच कोरी. मी तो सायकलच्या कॅरियरला लावून घरी नेला, आणि वाटेत मला फार आनंद झाला होता हेही मला आठवतं.

त्या दुपारी मी हापिसातून उठून घरी गेलो. इंदू डाळ निवडत होती. ती घाबरली, कारण मी दुपारी कधी घरी येत नसे.

"मृदुलाचं झबलं कुठं आहे?" मी विचारलं. "पहिलं. ते कापडाचं."

"पेटीत आहे. का हो?"

तिने काढून दिलं. त्या कापडाचं एक झबलं, एक टोपरं आणि सात लंगोट झाले होते. लंगोट केव्हाच विरले. टोपरं कोणाच्या तरी बाळंतविड्यात गेलं. झबलं तेवढं इंदूने ठेवलं होतं, दुसऱ्या मुलासाठी. ते मूल झालं नाही, आणि झबलं पेटीच्या तळाशी तसंच राहिलं. मी ते खिडकीत उजेडासमोर धरलं. कापड पांढरं झालं होतं. पण पाठीकडच्या भागात, अगदी नीट पाहिलं तर, करड्या रेषांची चौकट दिसत होती. एकाला एक लागून खोल्या असाव्यात तशा गॅलऱ्या. खाली एक जाड रेघ. आणि त्या रेघेच्या पलीकडे, फिकट गुलाबी झालेल्या, दोन रेषा निघून झबल्याच्या खालच्या शिवणीपर्यंत आल्या होत्या. पुढे कापड नव्हतं. पुढचा तुकडा लंगोटात गेला होता.

"चिचझरी असं नाव होतं कोपऱ्यात," इंदू म्हणाली. "तीनदा उकळलं तरी जाईना. मग मी तेवढं कापूनच टाकलं. काय झालं हो?"

हापिसातलं काम आहे, एवढंच मी तिला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी कोडापे दहाच्या ठोक्याला आला. मी त्याला आरेखन शाखेच्या रिकाम्या टेबलापाशी नेलं, झबलं पिशवीतून काढून काचेवर पसरलं आणि सगळं सांगितलं. परिपत्रक, तीस दिवस, सोडा. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो वाकून रेषा बघत राहिला. मग पाठीच्या भागावर एक बोट ठेवून हळूहळू खाली सरकवत आला.

"हा उताराचा रस्ता. अठी पंप होता. ही हद्द." बोट गुलाबी रेषांवर आलं. "आन् ह्या त्या दोन. मीच साखळी धरली होती जी. हेच हाय."

"शिवणीच्या पुढे किती गेल्या होत्या? आठवतं?"

त्याने बोट शिवणीपुढे काचेवर नेलं. "लय गेल्या होत्या. पण फूट मले कसे सांगता येईन? फूट साहेब लिवत होता."

मी झबलं घेऊन सबनीससाहेबांच्या खोलीत गेलो. कोडापेलाही आत नेलं. सबनीस मूळचे पुण्याकडचे. स्वभावाने सरळ, खाणीत स्वतः उतरलेले आणि निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून दार लावलं आणि स्केलपट्टी काढली. हद्दीच्या आतली एक गॅलरी मोजली, दुसरी मोजली, तिसरी मोजली. एका खाणीत गॅलऱ्या एका मापाच्या असतात. या तिन्ही वेगळ्या भरल्या.

"कापड आटलंय," ते म्हणाले. "आणि सगळीकडे सारखं आटलेलं नाही. उरकुडे, यावरून मी अंतर काय काढू? पन्नास फूट म्हणू की तीनशे?"

"साहेब, अंतर राहू द्या. हद्द ओलांडली एवढं तर दिसतंय. भोकं मारायला लावा."

"मी?" ते हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं. "तुमच्या त्या इतिहासात एक्याऐंशी सालचं पान काढा. काम थांबवायचा अधिकार आपल्याकडून गेला. सुरक्षेचं खातं वेगळं झालं. आपल्याकडे काय ठेवलं त्यांनी? नकाशे. आपण फक्त नकाशे सांभाळतो."

कोडापे दाराजवळ उभा होता. साहेबांनी त्याला बसायला सांगितलं, पण तो बसला नाही.

साहेबांनी माझ्यासमोर खाणीच्या मॅनेजरला फोन लावला. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. लेखी आदेश पाठवा, मी लगेच भोकं मारतो, असं म्हणाला. उत्पादन का कमी झालं ते त्यालाही वर सांगावं लागे. मग सुरक्षेच्या खात्याला फोन लागला. तिथल्या अधिकाऱ्याने सांगितलं, जुन्या नकाशाची प्रमाणित प्रत द्या, त्याच दिवशी आदेश काढतो. प्रमाणित प्रत म्हणजे मुळाबरहुकूम आहे अशी सही. आणि मूळ साहेबांच्या टेबलावर पसरलेलं होतं, दोन बाह्या आणि एक गळा असलेलं.

"पत्र लिहू," सबनीस शेवटी म्हणाले. "हे सोबत जोडू. मुख्य कार्यालयाने मत द्यावं आणि तोवर खबरदारी म्हणून काम थांबवायला सांगावं, असं लिहू. पण उरकुडे, एक विचारतो." त्यांनी कोडापेकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हे कुठून आलं ते लिहायचं का? 'चिचझरीचा मूळ नकाशा आमच्या कर्मचाऱ्याने घरी नेला, धुतला, हा त्याचाच तुकडा आहे,' असं लिहिलं तर वर कोणीतरी खुर्चीतून उठेल. पण नोकरी तुमची जाईल. भागवत वारले, सही आता तुमचीच उरली. नाही लिहिलं, तर हा नुसता रेषा असलेला कापडाचा तुकडा आहे. काय लिहू?"

मी बोललो नाही. मला घर दिसलं, इंदू दिसली, सात वर्षांची मृदुला दिसली. कोडापे माझ्यापासून तीन हातांवर उभा होता आणि त्याच्याकडे बघायचं मी टाळलं. अर्धा मिनिट गेला असेल. साहेबांनी त्या गप्प बसण्याचा अर्थ लावला आणि कागद पुढे ओढला. पत्र मीच टंकलिखित केलं. 'सदर कार्यालयात आढळून आलेला एक कापडी तुकडा, ज्यावर जुन्या कामाच्या काही रेषा दिसून येतात, सोबत जोडला आहे. सहपत्र: एक.'

बाहेर व्हरांड्यात कोडापेने विचारलं, किती दिवस लागतील. मी पंधरा म्हणालो. तातडीचं लिहिलंय, कदाचित दहा. त्याने बोटांवर काहीतरी मोजलं.

"तुम्ही रजा का टाकत नाही?" मी म्हणालो. "आजारी म्हणून. पंधरा दिवस."

"मी नाई गेलो तं दुसरा सरदार जाईन. त्याले वास नाई कळत." असं तो अगदी साधेपणाने म्हणाला. झबलं पाकिटात घालण्यासाठी माझ्या हातात होतं. त्याने ते माझ्याकडून घेतलं, बाह्या आत दुमडून नीट घडी घातली, लहान मुलांच्या कपड्यांची घालतात तशी, आणि परत दिलं.

"पोट्टी हाय का तुमची?"

"हो. सात वर्षांची झाली."

"बरं हाय," तो म्हणाला. "लेकराच्या आंगाले लागला. वाया तं नाई गेला." त्याच्या बोलण्यात टोमणा असता तर मी तो आयुष्यभर पेलला असता. टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं होतं. मग त्याची पाळी दोनची होती म्हणून तो बस पकडायला निघून गेला.

पुढचे दिवस मी रोज टपाल बघत होतो. रोज मनात सहाने गुणत होतो. चौथ्या दिवशी मी मुख्य कार्यालयाला फोन केला. पत्र कोणत्या शाखेकडे द्यावं यावर टिपणी चालू आहे, असं कळलं. सातव्या दिवशी सबनीस स्वतः खाणीवर जाऊन आले. त्यांना खाली उतरू दिलं, चहा दिला आणि लेखी आलं की करतो असं पुन्हा सांगितलं. मी त्या दिवसांत इतिहासाची चार पानं लिहिली. ती कशी लिहिली मला माहीत नाही.

अकराव्या दिवशी, संध्याकाळी साडेपाचला, लोहारडोहच्या दक्षिण तोंडातून पाणी आलं. कोडापेने आधीच टोळीला बाहेर पिटाळलं होतं, कारण दुपारपासून घाम थांबला होता. पाझर अचानक थांबणं त्याला पाझरापेक्षा वाईट वाटलं असावं. सात माणसं वर आली. दोघं पार टोकाला लाकडी टेकू लावत होती, त्यांना हाक पोचली नाही. त्यांना आणायला तो परत गेला. पाणी उपसायला सहा दिवस लागले आणि सहाव्या दिवशी तिघंही एकाच ठिकाणी सापडले.

दोन गॅलऱ्या हद्दीच्या पलीकडे तीनशे दहा फूट गेल्या होत्या. चौकशीत ते मोजलं गेलं.

चौकशी समितीने आमच्या कार्यालयाला एकच प्रश्न विचारला. चिचझरीचा अंतिम नकाशा उपलब्ध होता काय? उत्तर मीच तयार केलं, कारण इतिहास मलाच पाठ होता. 'शासनाच्या १९७६ च्या परिपत्रकानुसार विहित मुदतीत कोणत्याही विभागाने मागणी न केल्याने सदर अभिलेख नियमानुसार निर्लेखित करण्यात आला.' त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. समितीने ते मान्य केलं. अहवालात कोणावरही दोष आला नाही. पुस्तिकाही निघाली. शहात्तर सालाला मी दीड ओळ दिली होती.

सबनीससाहेबांनी निवृत्त होताना मला जवळ बोलावलं. म्हणाले, त्या दिवशी मी तुम्हाला विचारायलाच नको होतं, सरळ लिहून टाकायला हवं होतं. माझ्या वाट्याचं अर्धं ओझं त्यांनी उचलून पाहिलं. पण ते उचललं जाण्यासारखं नव्हतं.

झबलं मे महिन्यात परत आलं. सोबत दोन ओळींचं पत्र होतं, की सहपत्राचा विषय या कार्यालयाच्या कक्षेत येत नसल्याने मूळ परत पाठवत आहोत. पाठीवर, बरोबर गॅलऱ्यांवर, जांभळ्या शाईत त्यांच्या आवक शाखेचा गोल शिक्का मारला होता. मी ते घरी आणून पेटीच्या तळाशी ठेवलं. इंदूला काही सांगितलं नाही.

हे सगळं मी कधीच सांगणार नव्हतो. पण मागच्या वर्षी मृदुलाच्या मुलीला मुलगी झाली. आमच्याकडे बाळाला पहिलं झबलं जुन्या कापडाचं घालतात, आणि इंदूला पेटीतलं आठवलं. पंच्याहत्तरीची बाई, गुडघ्यांनी हैराण, तरी स्वतः पेटी उघडून बसली. तिने ते दोनदा धुतलं आणि माझ्यापुढे धरून म्हणाली, "रेषा तर गेल्या सगळ्या. हा शिक्का तेवढा जात नाही. कसला हो हा?"

मी म्हणालो, हे नको घालू बाळाला. तिने का म्हणून विचारलं, आणि तेव्हा मी सगळं सांगितलं. भागवतांपासून त्या अर्ध्या मिनिटापर्यंत. व्हरांड्यातलं सांगितलं, त्याने घडी कशी घातली ते, पोरगी आहे का म्हणून कसं विचारलं ते. तेव्हा तिने झबलं मांडीवर घेतलं आणि त्यावरून हात फिरवत राहिली.

"त्याला किती मुलं होती?" तिने विचारलं.

मी आठवून पाहिलं. नऊ माणसांची टोळी, सहा फूट, चारशे फूट, तीनशे दहा फूट, सगळं मला तोंडपाठ होतं. त्याने माझ्या लेकीचं विचारलं होतं. मी त्याचं विचारलं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणालो. "वारसांची यादी आमच्याकडे येत नसे. ती दुसऱ्या खात्याकडे जायची."